मानसोपचाराच्या गोळ्या: या चुका टाळा

या गोळ्या म्हटलं की लोक घाबरतात ते सवय लागण्याला. प्रत्यक्षात घोळ होतात ते भलतीकडेच: गोळी कधी थांबवली, तपासणीसाठी रक्त कधी दिलं, सोबत दुसरं काय घेतलं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डिप्रेशनची गोळी मनाने बंद करणं. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा, झोप उडणं हे त्रास होऊ शकतात. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला ६ ते ८. पाचव्या दिवशी गोळी सोडणारा त्रास तेवढा भोगतो आणि फायद्याच्या आधीच निघून जातो. दुसरा प्रकार त्याहून घातक: दोन महिन्यांत बरं वाटलं, मग गोळी कशाला? बरं वाटायला लागल्यावरही निदान ६ महिने औषध चालू ठेवायचं असतं, आजार वारंवार उलटत असेल तर त्याहून बराच काळ.

अचानक थांबवलं की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनला हे जास्त होतं, कारण ती शरीरातून लवकर निघून जातात. फ्लुओक्सेटीन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्याला कमी. हा त्रास म्हणजे आजार परतला असं लगेच धरू नका. आजार सहसा हळूहळू, आठवड्यांनी परततो. काही दिवसांत नवीच शारीरिक लक्षणं आली आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरली, तर तो औषध तुटल्याचा त्रास.

‘एक दिवसाआड घ्या, मग बंद’ हा शॉर्टकट तर सोडूनच द्या. लवकर उतरणाऱ्या औषधाची पातळी त्याने रोज वरखाली होते. गोळी रोजच घ्यायची, मात्रा कमी करत न्यायची, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान ठेवायच्या. २० वरून १० मिलिग्रॅमवर येणं बहुतेकांना सोपं जातं, ५ वरून शून्यावर येणं अवघड, कारण कमी मात्रेतला थोडासा फरकही मेंदूला मोठा वाटतो. मात्र हे वेळापत्रक डॉक्टरांनीच आखायचं.

२५ च्या आतल्या रुग्णांवर पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यावर घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरचा (मन अतोनात उसळण्यावरचा) त्याचा उपयोग मांडला, आणि बायपोलर आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी डिप्रेशन येतं त्यात, ते आजही फार मोलाचं आहे. पण उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर हवी, १.५ च्या वर धोका, २ च्या वर जिवावर बेतू शकतं.

नेहमीचं चित्र असं: पाच वर्षं लिथियमवर उत्तम चाललेला माणूस. गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन सुरू करतो, त्यातच जुलाब लागतात, पाणी पोटात टिकत नाही. लिथियम मात्र इमानेइतबारे चालू. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात पाणी-मीठ कमी पडलं की दोन्ही धरून ठेवतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. चौथ्या दिवशी हात इतका थरथरतो की भरला पेला तोंडापर्यंत जात नाही, जीभ जड होते, पाय झोकांड्या खातात. घरच्यांना वाटतं, आजार उलटला. ‘राहिली असेल’ म्हणून आणखी एक गोळी देतात. ही विषबाधा आहे. पुढची गोळी थांबवायची आणि लगेच रुग्णालयात जाऊन रक्तातलं लिथियम, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि सोडियम तपासायचं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः थायाझाइड प्रकारच्या, हाच घोटाळा करतात. एकाएकी मीठ सोडू नका.

रक्ततपासणीतही गफलत होते. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं: रात्री ९ ला गोळी तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगतो, त्यावरून मात्रा कमी होते आणि उन्माद परतायला वाट मोकळी होते. लिथियम हेपॅरिन (रक्त गोठू न देणारा, लिथियम असलेला पदार्थ) घातलेल्या नळीत रक्त घेतलं तरी आकडा खोटा वाढतो. मात्रा बदलल्यावर ५ ते ७ दिवस थांबून तपासा. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमची तपासणी दर ६ महिन्यांनी, तब्येत ठणठणीत असली तरी.

बाकीच्या थोडक्यात. लॅमोट्रिजीन (बायपोलरमध्येही देतात ते फिट्सचं औषध) घाईने वाढवू नका, पुरळ जीवघेणं ठरू शकतं. पाचेक दिवस गोळी चुकली तर जुन्या मात्रेवर परत उडी नको, डॉक्टरांना विचारा. व्हॅल्प्रोएट, तसंच फिट्स आणि बायपोलरचं औषध, गर्भाला घातक आहे. मूल हवं असेल तर बोलणं आधी, दिवस राहिल्यावर नाही. ओलान्झापीन (स्किझोफ्रेनिया, बायपोलरचं औषध) सुरू करण्याआधी वजन, उपाशीपोटी रक्तातली साखर आणि चरबी मोजून ठेवा, नाहीतर वाढ कळणारच नाही. झोपेच्या, चिंतेच्या बेन्झोडायझेपीन गोळ्या २ ते ४ आठवड्यांपुरत्याच, आणि दारूबरोबर कधीच नाहीत.

क्लोझापीनवर (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाचं औषध) असताना ताप किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजा. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका, आतडं बंद पडू शकतं. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. सिगारेट सोडणार असाल तर आधी सांगा: धुरामुळे हे औषध लवकर जिरतं, धूर थांबला की तीच मात्रा जड पडते.

आणि डॉक्टरांकडे जाताना ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं सांगण्याऐवजी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, दुखण्यासाठी घेतलेल्याही.