नवा कायदा आला की तो लिबर्टेरियन नजरेनं कसा वाचायचा

कुठलाही नवीन कायदा येतो तेव्हा पहिल्या दिवशी सगळे त्याचं नाव वाचतात, आणि नाव कायम चांगलंच असतं. सुरक्षा, संरक्षण, कल्याण, शिस्त, याला विरोध कोण करणार? मग दोन दिवस भांडणं होतात की सरकारचा हेतू चांगला की वाईट, आणि मूळ मसुदा कोणी उघडूनही बघत नाही. मीही बरीच वर्षं असंच करायचो. नंतर एकदा एक विधेयक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं तेव्हा लक्षात आलं की हेतूवरची सगळी चर्चा बाजूला ठेवली तरी चालते, कारण कोर्टात आणि पोलीस स्टेशनात हेतू चालत नाही, तिथं शब्द चालतात. तेव्हापासून मी जसं वाचतो तसं इथं सांगतो.

आधी थोडक्यात, लिबर्टेरियन नजर म्हणजे काय. माणसाचं शरीर, त्याचं बोलणं आणि त्याची कमाई त्याची स्वतःची. दुसऱ्यावर जबरदस्ती केली, त्याला फसवलं, त्याचं नुकसान केलं तर सरकारनं मधे पडावं, एरवी मधे पडायचं असेल तर कारण सरकारनं द्यायचं, आपण नाही. या विचाराच्या लोकांतही खूप मतभेद आहेत, काहींना सरकारच नको, काहींना फक्त पोलीस, कोर्ट आणि सैन्य एवढंच हवं, काही अजून थोडं चालवून घेतात. पण एक गोष्ट सगळे धरून चालतात, की प्रत्येक कायद्याच्या शेवटी, दंड नाही भरला, नोटिशीला उत्तर नाही दिलं, तर दारात गणवेशातला माणूस येतो. म्हणून प्रत्येक कलम वाचताना स्वतःला विचारायचं, यासाठी कोणाला घरातून उचलून नेणं मला पटेल का?

आता वाचायला सुरुवात. प्रस्तावना सोडून द्या, सरळ व्याख्यांवर जा. तिथं पेन्सिल घेऊन विशेषणं आणि भावनेचे शब्द अधोरेखित करा. 'चोरी' म्हणजे काय यावर दोन प्रामाणिक माणसांचं साधारण एकमत होतं. 'त्रास', 'गैरसोय', 'आक्षेपार्ह' यावर एकाच घरातल्या दोन भावांचं होत नाही. भारतातल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. २००८ च्या दुरुस्तीनं ते आलं, ऑनलाइन काही 'अत्यंत आक्षेपार्ह' पाठवलं, किंवा खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय व्हावी म्हणून पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. २०१२ मधे पालघरला एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर बंद पाळला गेला, एका मुलीनं फेसबुकवर त्याबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट फक्त लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. कलम लिहिणाऱ्याच्या मनात असं काही नसेलही, पण शब्दांत ते बसत होतं. शेवटी २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे कलम रद्द केलं, आणि त्याचं एक मोठं कारण हेच होतं की शब्द इतके सैल आहेत की सामान्य माणसाला आपण गुन्हा करतोय की नाही हेच कळणार नाही.

आणि पुढचं ऐका. कलम रद्द झाल्यावरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले, २०२१ मधे हे सुप्रीम कोर्टासमोर आलं तेव्हा कोर्टालाच धक्का बसला. म्हणजे वाईट कायदा नंतर काढू असं म्हणणाऱ्याला हे सांगायचं, की कागदावरून काढलेला कायदा सवयीतून निघत नाही.

एका शब्दात किती ताकद असते हे बघायचं तर टिळकांचा १८९७ चा खटला बघा. राजद्रोहाचं कलम १८७० मधे इंग्रजांनी दंडसंहितेत घातलं, त्यात शब्द होता 'डिसअफेक्शन', मराठीत आपण अप्रीती म्हणतो. आता सरकारबद्दल अप्रीती निर्माण करणं म्हणजे नक्की काय करणं? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, त्यात द्वेष, वैर, नावड, तुच्छता असं सगळं आलं. म्हणजे सरकार आवडत नाही असं लोकांना वाटायला लावणं हाच गुन्हा! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी कलम आणखी रुंद केलं, आणि १९०८ मधे त्याच कलमाखाली सहा वर्षं मंडाले. १९२२ मधे गांधीजींना सहा वर्षं. एवढं सगळं झाल्यावर स्वतंत्र भारतानं हे कलम पहिल्याच दिवशी फेकून द्यायला हवं होतं ना? संविधान सभेनं भाषणस्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या बंधनांच्या यादीतून राजद्रोह हा शब्द काढलासुद्धा, पण दंडसंहितेतलं कलम तसंच राहिलं, आणि मग एकामागून एक आपल्याच सरकारांनी ते आपल्याच लोकांवर वापरलं. मे २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं त्याचा वापर थांबवायला सांगितलं. दीडशे वर्षं. मला यावर खरंच राग येतो, कारण या कलमानं काय केलं हे ज्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं त्यांनीच ते जपून ठेवलं.

यातूनच माझी दुसरी पायरी आली, आणि एकच करायचं असेल तर हीच करा. मसुद्यात जिथं जिथं 'सक्षम प्राधिकारी', 'शासन', 'प्राधिकृत अधिकारी' लिहिलंय तिथं तुम्हाला ज्या नेत्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याचं नाव घाला आणि वाक्य मोठ्यानं वाचा. 'शासनास आवश्यक वाटल्यास कोणताही मजकूर काढून टाकण्याचा आदेश देता येईल.' आता नाव घालून वाचा. आवाज बदलतो की नाही बघा. आपल्या आवडीचं सरकार असताना हे करायला मन तयार होत नाही हे मला माहितीये, पण तेव्हाच करायचं, कारण अधिकार हा खुर्चीला मिळतो, माणसाला नाही, आणि खुर्चीवरचा माणूस बदलतो तेव्हा कायदा परत मागवून घेता येत नाही.

त्यानंतर 'विहित करण्यात येईल' हे शब्द मोजा. विहित म्हणजे नंतर नियम करून ठरवू. बऱ्याच कायद्यांत खरा मजकूर इथंच लपलेला असतो, कायद्यात फक्त सांगाडा आणि मांस नंतर अधिसूचनेनं भरायचं, ज्यावर सभागृहात नीट चर्चा होतच नाही. दंड किती, परवाना कोणाला, अपील कुठं, हे जर सगळं 'विहित' असेल तर तुम्ही कायदा वाचतच नाही आहात, कोरा चेक वाचताय.

मग बघा की कायदा आधी परवानगी मागायला लावतो की नंतर जबाबदार धरतो. हा फरक फार मोठा आहे. इंग्लंडमधे छापायच्या आधी सरकारी परवाना लागायचा, तो कायदा १६९५ मधे मुदत संपून गेला आणि पुन्हा आणला नाही. त्यानंतरही बदनामीचे, राजद्रोहाचे खटले होत राहिले, तिथं लगेच स्वर्ग उतरला असं नाही, पण निदान मजकूर लोकांपर्यंत पोचल्यावर भांडण व्हायला लागलं. आधी परवानगी असली की भांडण होतच नाही, मजकूर जन्मालाच येत नाही आणि काय अडवलं गेलं हे कोणालाच कळत नाही. म्हणून 'पूर्वपरवानगी', 'नोंदणी अनिवार्य' असं दिसलं की तिथं थांबून विचारायचं, नाकारलं तर किती दिवसांत उत्तर, लेखी कारण मिळणार का, आणि उत्तरच आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं की नाही.

शिक्षेच्या कलमात वर्षं किती हे सगळे बघतात. तुम्ही त्याच्या शेजारचे दोन शब्द बघा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. दखलपात्र असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, अजामीनपात्र असेल तर जामीन हक्कानं मिळत नाही, कोर्टाच्या मर्जीवर जातो. पाच वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाची पाच वर्षं कोण देणार? आणि अगदी शेवटी, जिथं वाचणारा दमलेला असतो, तिथं एक कलम असतं, 'सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण'. म्हणजे अधिकाऱ्यानं चूक केली पण सद्भावनेनं केली असं म्हटलं तर त्याच्यावर दावा नाही. नागरिकाला मात्र सद्भावनेची सूट सहसा नसते. ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

मुदत आहे का तेही बघा. संकटात आलेला कायदा 'तात्पुरता' असतो, पण तात्पुरता किती दिवस? ब्रिटनमधे इन्कम टॅक्स १७९९ मधे फ्रान्सशी युद्ध चालू होतं म्हणून आला, युद्ध संपल्यावर १८१६ मधे गेला, १८४२ मधे तीन वर्षांसाठी म्हणून परत आला आणि आजही आहे, कागदोपत्री दरवर्षी नव्यानं मंजूर होतो. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर जो पेट्रियट अ‍ॅक्ट आला त्यातल्या २१५ व्या कलमाला मुदत घातली होती, २००५ च्या शेवटापर्यंत, ती वाढवत वाढवत नेली आणि त्याच कलमाच्या आधारानं सामान्य लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा होत होत्या हे २०१३ मधे बाहेर आलं, कलम संपलं २०२० मधे. तरी मी म्हणेन मुदत हवीच, निदान वाढवताना तरी कोणालातरी उभं राहून कारण सांगावं लागतं.

करांच्या आणि बंदीच्या कायद्यांत, लोक काय करतील हा प्रश्न विचारा. इंग्लंडमधे १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, जेवढ्या जास्त खिडक्या तेवढा जास्त कर. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. सरकारला महसूल कमी आणि लोकांना हवा, उजेड कमी. अशी एक बुजवलेली खिडकी प्रत्येक कायद्यात शोधायची. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तिथं ती खिडकी म्हणजे गुन्हेगारी टोळ्या.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा असेल तर जरा जास्त वेळ द्या, कारण इथं चांगली माणसंही घसरतात. रेष कुठं ओढायची यासाठी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचं १८५९ मधलं उदाहरण मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटतं. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे छापलं तर कोणी हात लावू नये, पण हेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर चवताळून जमलेल्या जमावाला ओरडून सांगितलं तर शिक्षा होऊ शकते. वाक्य तेच, बदलली ती जागा आणि लगेच होऊ शकणारी हिंसा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९६९ मधे ब्रँडनबर्ग खटल्यात जवळपास हीच रेष ओढली, बेकायदा कृती लगेच घडवण्याचा उद्देश हवा आणि ती घडण्याची खरी शक्यताही हवी, नुसतं द्वेषाचं बोलणं पुरेसं नाही. तर मसुद्यात बघा, हिंसेशी जवळचा संबंध मागितलाय का, की 'भावना दुखावणे' एवढ्यावरच काम भागतंय.

ही रेष स्वतःवर तपासायची असेल तर स्कोकी आठवा. शिकागोजवळचं हे गाव, तिथं नाझी छळछावण्यांतून वाचलेली बरीच माणसं राहायची, आणि १९७७ मधे एका नाझी गटाला तिथंच मोर्चा काढायचा होता. त्यांची केस एसीएलयू या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेनं लढवली, आणि तिचे तेव्हाचे प्रमुख आर्ये नायर स्वतः ज्यू, लहानपणी कुटुंबासोबत नाझी जर्मनीतून पळून आलेले. हजारो सभासदांनी संघटना सोडली. कोर्टात मोर्च्याचा हक्क मान्य झाला, पुढं मोर्चा स्कोकीत निघालाच नाही. मला हे वाचून पहिल्यांदा पोटात ढवळलं होतं, आजही सोपं वाटत नाही, पण नायर यांचं म्हणणं मला पटतं, की ज्या अधिकारानं गावाची नगरपालिका नाझींना थांबवेल त्याच अधिकारानं दुसऱ्या गावाची नगरपालिका समान हक्काचा मोर्चा थांबवेल. हे मनापासून पटत नसेल तर बाकीच्या पायऱ्या करूनही फायदा नाही, कारण मग आपण आपल्या गटाची वकिली करतोय.

दोन ठिकाणी ही पद्धत अपुरी पडते ते सांगतो. प्रदूषण आणि साथीचे रोग. इथं एकाच्या वागण्यानं दुसऱ्याचं नुकसान होतंच, म्हणून कायदा नकोच असं म्हणणं चुकीचं, तिथं प्रश्न फक्त एवढाच, की जितकं नुकसान तितकंच बंधन आहे का. आणि खासगी कंपनीनं तुमची पोस्ट काढली तर ती सेन्सॉरशिप आहे का यावर लिबर्टेरियन लोक आपापसात खूप भांडतात. माझं मत, कंपनीचा तो हक्क आहे, पण कंपनीला सरकारमधून फोन गेला म्हणून पोस्ट निघाली असेल तर ते सरकारचंच काम, आणि म्हणून मसुद्यात 'मध्यस्थांनी', म्हणजे लोकांच्या पोस्ट दाखवणाऱ्या फेसबुकसारख्या कंपन्यांनी, किती तासांत काय काढायचं हे लिहिलेलं असतं ते कलम नीट वाचा. चोवीस तासांत काढा नाहीतर तुमच्यावर खटला, असं असेल तर कुठलीही कंपनी विचार न करता काढूनच टाकणार.

सगळं वाचून झालं की हरकत लिहा, आणि लिहिताना 'हुकूमशाही' वगैरे शब्द टाळा, ते वाचणारा क्लार्क पान उलटतो. एका परिच्छेदात एक कलम. आधी कलमाचा नंबर, मग तो शब्द अवतरणात, मग त्या शब्दात बसेल असं एक निरपराध उदाहरण, मग तुमचा पर्यायी शब्द. म्हणजे असं: 'कलम ४ मधील "गैरसोय होईल असा मजकूर" या शब्दांत पाणीपुरवठ्याबद्दल तक्रार करणारी पोस्टही बसते. त्याऐवजी "विशिष्ट व्यक्तीस तात्काळ शारीरिक इजा होईल अशी चिथावणी" असे शब्द घालावेत.' असे तीन परिच्छेद पुरेत. मुदतीच्या आत पाठवा, पोच घ्या, मसुद्याची एक कॉपी तारीख घालून स्वतःकडे ठेवा, कारण अंतिम कायदा आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं हे बघायचंय, आणि त्यानंतर सहाएक महिन्यांनी ते 'विहित' नियम गुपचूप येतात, ते वाचायला पुन्हा बसायचंय.