मृग लागायच्या आत विहिरीचं एवढं काम उरकून घ्या

राम राम मंडळी. रोहिण्या चालू झाल्यात, विहिरींनी तळ गाठलाय आणि आमच्या पुरंदरला सध्या चहाच्या टपरीवर एकच विषय, नवीन बोअर कुठं घ्यायचा. जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या नारळ घेऊन फिरतोय, बोअरची गाडी गावात मुक्कामाला. माझं म्हणणं एवढंच, की ते पैसे घालायच्या आधी आहे त्या विहिरीत पावसाचं पाणी सोडायची सोय करा, आणि ती आत्ताच करा, एकदा पाऊस लागला की चिखलात जेसीबी पण जात नाही.

आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगा पडलेल्या खडकात, त्याच्या खाली लागली तर एखादी फट नाहीतर नुसता फुफाटा. 500 फूट गेलात आणि पाणी लागलंच तर बऱ्याचदा ते शेजाऱ्याच्याच फटीतलं असतं, म्हणजे पुढच्या वर्षी दोघं मिळून बोंबलायचं. आणि हो, अधिसूचित, म्हणजे भूजल जपायला सरकारनं जाहीर केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली जायला 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात बंदी आहे, हे गाडीवाला सांगत नाही.

आता हिशोब बघा. एका एकरावर 500 मिमी पाऊस पडला तर 20 लाख लिटर पाणी होतं. त्यातलं दहावा हिस्सा जरी विहिरीकडं वळवलं तरी 10 हजार लिटरचे 20 टँकर झाले, ते पण फुकट.

फक्त मी केली ती चूक करू नका. पहिल्या वर्षी उत्साहात बांधावरची चारी सरळ विहिरीत सोडली, पाणी आलं, बघायला भारी वाटलं, व्हिडिओ पण काढला, आणि उन्हाळ्यात बघतो तर तळाला कमरेएवढा गाळ, झरे सगळे बुजलेले. मग यारी, म्हणजे विहिरीतला गाळ उचलायची क्रेन, लावून गाळ काढला, त्याचं भाडं अजून आठवतंय. त्यामुळं विहिरीच्या अलीकडं दोन खड्डे पाहिजेतच. पहिला छोटा, त्यात पाणी थांबून गाळ खाली बसतो. तिथून पाणी दुसऱ्यात, तो साधारण 6 फूट लांब, 6 रुंद, 6 खोल, विहिरीपासून पाच-सात फूट सोडून. त्यात तळाला मोठे दगड, त्यावर बारीक दगड, मग खडी आणि सगळ्यात वर वाळू, प्रत्येक थर फूटभर. तळातून 4 इंची पीव्हीसी पाइप विहिरीत काढायचा, आतल्या तोंडाला जाळी, आणि पाइप विहिरीत फूट-दीड फूट पुढं येऊ द्या नाहीतर धार काठावर पडून काठच ढासळतो. वरची वाळू दरवर्षी खरवडून धुवायची, ते आळशीपणा केला की दुसऱ्या वर्षी पाणी वरूनच वाहून जातं.

बोअरला पण हेच, फक्त खड्डा केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाला बसवलेल्या पाइपच्या भोवती घ्यायचा, खड्ड्यातल्या केसिंगला खालच्या बाजूला बारीक भोकं पाडून त्यावर काथ्या घट्ट गुंडाळायचा आणि मग तेच थर. आधी त्या बोअरमध्ये एखादा टँकर ओतून बघा, पाणी पिऊन टाकतंय का तसंच उभं राहतंय. उभं राहिलं तर त्या बोअरवर खर्च करू नका.

पहिले दोन-तीन पाऊस आत घेऊ नका, जमीन धुऊन निघू द्या. गोठ्याचं, पोल्ट्रीचं, फवारणीचा पंप धुतलेलं पाणी त्या चारीत कधीच नको, कारण ते एकदा खाली गेलं की काढायला यारी पण चालत नाही आणि त्याच विहिरीचं पाणी आपण पितो.

आणि एक, जरा कडू आहे. भर पावसाळ्यात विहिरीतलं पाणी उपसून कागदाच्या, म्हणजे प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरायचं, याला जलसंधारण म्हणू नका राव. कागदातलं खाली मुरत नाही आणि वरून ऊन पितं. शेततळं भरायचं तर ओढ्याच्या वाहत्या पाण्यानं भरा. आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी 72 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, पाणी जमिनीच्या नाही तर घरातल्या माणसांच्या हिशोबानं वाटलं आणि ऊस बंद ठेवला. आज एवढं कोण ऐकणार, पण निदान विहीर बघून आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस लावा, आणि लावलाच तर ड्रिपवर.

शेवटचं, आज एक काम करा. सुतळीला दगड बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा, मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी, आणि डायरीत लिहा. मग दर पंधरा दिवसांनी. आमचं आज 41 फुटांवर आहे, पालखी दिवे घाट चढून वर आली की परत मोजतो, तुम्ही पण तुमचा आकडा तयार ठेवा.