गावच्या हवेतला धूर नेमका कसला, हे शोधायचं कसं

मोबाईलवर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा बघून लोक थांबतात, पण तो आकडा कण किती ते सांगतो, कसले ते नाही. आपल्याकडे किनाऱ्यावर त्यात समुद्राचं मीठ असतं, चिऱ्याच्या खाणीची लाल धूळ असते आणि जळणातून आलेले सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या संयुगांचे कण असतात, माझी खरी काळजी या शेवटच्यांची आहे.

आधी पंधरा दिवस वहीत लिहा. वेळ, वारा कुठून, वास कसला, बस. दुपारी खारे वारे समुद्राकडनं येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडनं, त्यामुळे कण रात्रीच वाढत असतील तर आधी गावाच्या वरच्या, जमिनीकडच्या अंगाला शोधा. थंडीत पहाटे हवा खाली बसते, न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं नि करवंट्या पेटल्या की धूर माडांच्या शेंड्यापर्यंतसुद्धा चढत नाही, वाडीतच रेंगाळतो. फेब्रुवारीनंतर भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजणं, सुरू होते, पातेरा आणि शेण जळतं, ते दिवस वहीत वेगळे दाखवा. स्वस्तातला सेन्सर असेल तर आर्द्रता पण लिहा, दमट हवेत कण पाणी ओढून फुगतात आणि आकडा उगाच जास्त येतो.

वहीवरनं अंदाज येतो, पुरावा हवा तर फिल्टर लागतो. क्वार्ट्झचा फिल्टर ५५० अंश सेल्सिअसला काही तास भाजून घेतात, म्हणजे आधीचा सेंद्रिय अंश उडून जातो, मग सॅम्पलरला, म्हणजे हवा ओढून कण फिल्टरवर गोळा करणाऱ्या यंत्राला लावतात. काढल्यावर भाजलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून थेट फ्रीझरात. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, पिशवीतलीच रसायनं फिल्टरवर चढतात.

लॅबमध्ये काय शोधायला सांगायचं ते महत्त्वाचं. लाकूडपाला जळला की सेल्युलोज तुटून लेव्होग्लुकोसान तयार होतं, ती लाकूडधुराची पक्की खूण. बरेच जण त्यासाठी पोटॅशियम बघतात, पण किनाऱ्यावर समुद्राच्या मिठातही पोटॅशियम असतं, सोडियमवरनं हिशोब करून ते वजा केलं नाही तर भलताच निष्कर्ष निघतो. ट्रॉलर, ट्रक यांच्या इंजिन ऑइलमधनं होपेन नावाची संयुगं येतात. प्लॅस्टिकचा कचरा जाळला की ट्रायफेनिलबेंझीन. मच्छी तळताना ओलेइक आम्ल. आणि एक गंमत बघा, सगळे सेंद्रिय कण धुरातनं थेट येत नाहीत, आंब्याच्या मोहोराचा जो वास येतो त्यात टर्पिनं नावाची वासाची रसायनं असतात, ती वायुरूप असतात पण हवेतल्या ओझोनशी जुळून त्यांचेसुद्धा कण बनतात. म्हणून भर दुपारी, धूर कुठेच दिसत नसताना, सेंद्रिय कार्बन वाढलेला दिसला तर चुलीला दोष देऊ नका.

रिपोर्टमध्ये 'सेंद्रिय कार्बन' येतो तो फक्त कार्बनचा आकडा असतो, त्याला जोडलेला ऑक्सिजन, हायड्रोजन धरून कणांचं वजन काढायला १.४ ते २ ने गुणतात, धूर जुना झाला की गुणक वाढतो.

पैसे कमी असतील आणि एकच तपासणी परवडत असेल तर लेव्होग्लुकोसान करा. दोन जमल्या तर बेंझोपायरीन घ्या, ते अर्धवट जळणातनं येतं, त्याने कॅन्सर होतो, आणि २००९ च्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम दिलेली आहे, त्यामुळे ग्रामसभेत बोलताना हातात कायद्याचा आकडा असतो.