कोकणात जमीन घेऊन जंगल करायचंय? आधी हे बघा

पहिलं म्हणजे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुमच्या नावावर आधीचा सातबारा, म्हणजे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, एजंट काहीही सांगो. सातबाऱ्यावर मालकांची नावं बघून थांबू नका, 'इतर हक्क' नीट वाचा, कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव, बोजा म्हणजे जमिनीवरचं कर्ज, 'खाजगी वन' असा शेरा सगळं तिथेच सापडतं, आणि जुने फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) काढून वकिलाला दाखवा. जागा एप्रिल-मे मध्येच बघायची, पावसाळ्यात काय, कातळ पण हिरवागार दिसतो.

घेतल्यावर लगेच जेसीबी लावून साफसफाई करू नका प्लीज! तोडलेल्या ऐन-किंजळ या जंगली झाडांच्या खुंटांना फुटवे येतात, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे छाटले की नर्सरीतल्या रोपापेक्षा भराभर वाढतात कारण मुळं आधीच खोल गेलेली असतात. करवंदाच्या जाळ्या पण ठेवा, आत उगवलेलं रोप गुरांपासून वाचतं. खरा शत्रू वणवा, त्यामुळे दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की हद्दीवर चांगला रुंद पट्टा साफ करून घ्या, शेजारी भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) करणार असेल तर त्याला आधीच भेटून ठेवा. आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नको.