एएच्या मीटिंगला जाताय? या चुका टाळा

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. तिची मीटिंग चुकते ती दर वेळी मन कच्चं असतं म्हणून नाही. मीटिंग ज्या शाळेत असते तिचं फाटक बंद दिसतं, बायकोला दारातच थांबावं लागतं, पहिल्या रांगेत कॉलनीतला माणूस बसलेला असतो. एवढ्यावर माणूस परत फिरतो आणि वाटेत बार लागतो.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र मीटिंगच्या आधीच होते. सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, अशा माणसाने ‘आजपासून बंद, संध्याकाळी मीटिंग’ असं परस्पर ठरवू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण ६ ते २४ तासांत त्रास सुरू होतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. आधी डॉक्टर, मग मीटिंग. पूर्वी फिट आली असेल तर दारू रुग्णालयातच सोडावी. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर थेट १०८ लावा.

पत्ता शोधताना नुसत्या यादीवर विसंबू नका. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गटांची माहिती मिळते, व्यसनमुक्ती केंद्रातले समाजसेवकही सांगतात. पण बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, निवडणूक आली की जागा किंवा वेळ हलते. निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: मीटिंग मराठीत आहे की हिंदी-इंग्रजीत, खुली की बंद, कोणत्या फाटकाने कितव्या मजल्यावर यायचं, आणि ‘पहिल्यांदाच येतोय, खाली कुणी भेटेल का?’ हा चौथा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण वॉचमनसमोर ‘दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे आहे’ असं म्हणायची वेळ त्यानेच टळते.

खुली आणि बंद यातला घोळ तर नेहमीचा. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. खुल्या मीटिंगला घरचे, डॉक्टर, विद्यार्थी कुणीही येऊ शकतं. सोबत आई किंवा बायको असेल तर खुलीच निवडा. घरच्यांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. घरी आल्यावर ‘आज काय बोललास? कोण कोण होतं?’ ही उलटतपासणी नको. तिथलं बोलणं तिथेच राहतं, या एका भरवशावर लोक तोंड उघडतात.

हाच भरवसा व्हॉट्सॲपवर नकळत फुटतो. तिथल्या ग्रुपमध्ये गेलात की तुमचा नंबर, फोटो, नाव सगळ्यांना दिसतं. फोटो मर्यादित ठेवा, प्रोफाइलला फक्त पहिलं नाव द्या, मीटिंगमधली छायाचित्रं कुठेही टाकू नका. ओळखीचा माणूस दिसला तर? तोही त्याच कारणासाठी आलाय.

वेळ ‘सोयीची’ निवडू नका, पिण्याची निवडा. संध्याकाळी सातला ग्लास भरायचा असेल तर सातचीच मीटिंग हवी, तीही ऑफिसातून परस्पर. आधी घरी जाऊन चप्पल काढली की बाहेर पडणं होत नाही. जाताना चार घास पोटात असू द्या, उपाशीपोटी तलफ वाढते. पगाराचा दिवस, ३१ डिसेंबर आणि गटारी यांच्या मीटिंगा आठवडाभर आधी ठरवा. आणि हो, श्रावण कडक पाळला म्हणजे आपल्याला व्यसन नाही, हा हिशेब गणपतीनंतर चुकतो.

एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. एखाद्या गटात वयस्कच जास्त, एखाद्यात प्रार्थना फार वाटते. वेगवेगळ्या गटांत सहा मीटिंगा करा, मग ठरवा. एएच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांतली ‘उच्च शक्ती’ म्हणजे अमुक देवच, अशी सक्ती नसते, नास्तिकही येतात. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही, ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं. पण संपल्यासंपल्या पळू नका. खरे फोन नंबर नंतरच्या दहा मिनिटांत मिळतात. तीन जणांचे घ्या आणि त्याच रात्री एकाला फोन लावून पाहा, म्हणजे तलफेच्या वेळी पहिल्यांदा लावायचा संकोच राहत नाही. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, शक्यतो पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई असावा.

फी नसते. पिशवी फिरते, त्यात ऐच्छिक टाकायचं, नवख्याने नाही टाकलं तरी चालतं. कुणी प्रवेश फी मागितली किंवा सुटण्याची ‘गॅरंटी’ दिली तर ती एए नव्हे. कुणी सदस्य मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायला सांगू लागला तर ऐकू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

पाय घसरला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘स्लिप’ झाली, की माणूस लाजेने पंधरा दिवस तोंड दाखवत नाही आणि त्या पंधरा दिवसांत पुन्हा रोजची सुरू होते. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे, त्यामुळे नाव कुणी कापत नाही. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून होते, इतकंच. पुढची जी पहिली मीटिंग असेल तिला जा. अंगात अजून दारू असेल तर शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं, करू नका, मागच्या बाकावर बसून ऐका. गाडी घरीच ठेवा.