माडीच्या माडांच्या खाचा मृगाआधी बुजवा

गोराई, मनोरी, उत्तनपासून वसईपर्यंत ज्यांचे माड माडीसाठी दिलेले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पाऊस तोंडावर आलाय. बाकीची कामं आठवडाभर मागे पडली तरी चालेल, पण चढण्यासाठी खोडाला पाडलेल्या खाचा आधी बुजवा.

माडाची जखम भरत नाही. आंब्याला घाव बसला तर कडेने साल चढते. हिमालयात चीडाची राळ काढतात, तिथे राळच घावावर थर धरते. माडाकडे यातलं काहीच नाही, दहा वर्षांपूर्वीची खाच आजही उघडीच असते. तिथून झिरपणारा रस आणि वर मडक्यात आंबणारी माडी, या वासाने सोंड्या भुंगा येतो. मादी जखमेत दोनशेच्या वर अंडी घालते, अळ्या आतून गाभा पोखरतात. शेंडा मान टाकतो तेव्हा माड गेलेलाच असतो. असे माड मी बरेच पाहिलेत, आणि बहुतेकांच्या खोडावर उघड्या खाचा होत्या.

हिशेब मांडा. ज्या पोयीतून (फुलोऱ्यातून) माडी काढता, तिला नारळ धरत नाही. ते उत्पन्न सोडून तुम्ही रोजची दीड-दोन लिटर माडी पत्करता. माड मेला की दोन्ही गेलं. नवं बाणवली जातीचं रोप लावलं तर फळावर यायला 6-7 वर्षं. वर्षाला 80 नारळ धरले तरी एका माडामागे पाचशेच्या आसपास नारळ बुडाले. त्यापुढे बोर्डो पेस्टचा खर्च किती? मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा, त्याच दिवशी संपवा. खाच खरवडून कुजका भाग काढा, पेस्ट लावा, सुकली की सिमेंट-वाळूने बुजवा. पश्चिमेकडच्या खाचा आधी घ्या. पावसाचा मारा तिकडून असतो आणि त्याच आधी कुजतात, हा माझा अंदाज आहे, शिफारस नव्हे.

नवी खाच पाडू देऊ नका. सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) जुड्या दोरीने खोडाला बांधल्या की पायऱ्या होतात. हे करारातच लिहून घ्या. माडी काढणाऱ्याला हंगाम सांभाळायचा असतो, माड तुमचा आहे.

दुकानदार मुळातून द्यायचं आंतरप्रवाही औषध पुढे करेल. माडी चालू असलेल्या माडाला ते अजिबात देऊ नका. औषध रसात उतरतं, आणि तो रस माणसं पितात. खोडातून तपकिरी चिकट पाणी, चावलेला भुसा, कान लावला तर कुरतडण्याचा आवाज, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी मडकी उतरवा. मग खालची भोकं लिंपून सर्वांत वरच्या भोकातून इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे कीटकनाशक, लिटरला 1 मिली, असं द्रावण ओता. त्या माडाची माडी या हंगामात परत काढायची नाही.

भुंग्यांना वासाने ओढणारा गंधसापळा हेक्टरी एक पुरतो, दहा गुंठ्यांच्या वाडीला चार विकणाऱ्याचं ऐकू नका. त्याशिवाय झावळीचे देठ चिरून त्यावर ताजी माडी चोपडा, माडांपासून लांब कडेला ठेवा आणि रोज सकाळी जमलेले भुंगे वेचून साबणाच्या पाण्यात बुडवा.

बाकी कामं:
- वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड 250 ग्रॅम, तेवढीच वाळू मिसळून
- झावळी तोडताना चार फूट देठ ठेवणे
- शेणखड्डा उलथून गेंड्या भुंग्याच्या अळ्या वेचणे
- शेंड्यात 1 टक्का बोर्डो मिश्रण, फक्त माडी बंद असलेल्या माडांना
- माडी काढण्याचा उत्पादन शुल्क विभागाचा परवाना तपासणे

वादळाचं वेगळं सांगतो. मे 2021 च्या तौक्तेसारख्या वादळात माड पडले की ओंडके बांधालाच राहतात. कुजक्या ओंडक्यात गेंड्या भुंगा वाढतो, तो शेंडा पोखरतो आणि त्या भोकातून सोंड्या आत शिरतो. या पावसात माड पडला तर आठवड्याच्या आत तोडून, चिरून, वाडीबाहेर काढा.