गीतकार व्हायचे आहे? ध्येय आखताना या चुका टाळा

‘दोन वर्षांत चित्रपटासाठी गाणे लिहायचे’ असा संकल्प ठाण्यातील आणि नवी मुंबईतील अनेक होतकरू गीतकार करतात. संकल्प वाईट नाही. परंतु चित्रपटात कोणाचे गाणे घ्यायचे, हे निर्माता, दिग्दर्शक आणि संगीतकार ठरवतात. गीतकाराच्या हातात असते ते गाणे लिहिणे, ते योग्य माणसापर्यंत पोहोचवणे आणि त्याचा व्यवहार लेखी ठेवणे. ध्येय या तीन कामांच्या स्वरूपात मांडले नाही, तर वर्षअखेरीस आपण पुढे सरकलो की नाही, हे तपासायला काही आधारच उरत नाही.

म्हणून आखणी अशी असावी की, दरमहा दोन गाणी पूर्ण करायची, त्यांपैकी एक दुसऱ्याने दिलेल्या चालीवर असेल, आणि दर तिमाहीस एका गाण्याचा डेमो, म्हणजे नमुन्याचे ध्वनिमुद्रण, तयार होईल. ‘पूर्ण’ याचा अर्थही आधीच ठरवून ठेवावा: मुखडा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळी) आणि दोन अंतरे (त्यानंतरची कडवी) लिहून झाले आणि ते कोणीतरी गाऊन पाहिले, तरच गाणे पूर्ण.

कवितांची वही म्हणजे गाण्यांची वही नव्हे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही आहे. आज बहुतेक ठिकाणी चाल आधी होते. संगीतकार ती अर्थहीन डमी शब्दांवर गुणगुणून पाठवतो आणि गीतकाराने त्या मीटरमध्ये, म्हणजे चालीच्या मापात, अर्थ बसवायचा असतो. केवळ मुक्तछंदात लिहिणाऱ्याला हे काम पहिल्यांदा अपमानास्पद वाटते, पण तो सरावाचा प्रश्न आहे. ‘शब्द बसत नाहीत’ असा निरोप आला, तर दुखावून न जाता तीन गोष्टी तपासाव्यात. तालाच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, कोणता शब्द पडतो? तेथे ‘आणि’ किंवा ‘की’ येत असेल, तर ओळ कितीही सुंदर असली तरी ऐकताना पोकळ वाटते. लांबवलेल्या स्वराच्या जागी ‘आ’, ‘ए’ यांसारखा मोकळा स्वर आहे, की गायकाला मिटल्या तोंडाने ताण घ्यावा लागतो? जलद लयीत जोडाक्षरांची गर्दी तर झालेली नाही?

मराठीत आणखी एक खाच आहे. कागदावर ‘मन’ या शब्दाच्या दोन मात्रा होतात, पण बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो आणि एकच अक्षर ऐकू येते. मात्रा मोजून लिहिणाऱ्याची ओळ वहीत अचूक असते. गायकाला मात्र ती एका अक्षराने तोकडी लागते. म्हणून प्रत्येक ओळ मोजण्याबरोबरच चालीवर मोठ्याने म्हणून पाहावी. चाल मिळत नसेल तर एखाद्या जुन्या गाण्याच्या चालीवर स्वतःचे शब्द लिहून सराव करावा. मात्र त्या चालीवर दुसऱ्याचा हक्क असल्यामुळे असे लेखन घरापुरतेच ठेवावे.

दुसरा अंतरा सुचतच नसेल, तर दोष बहुधा मुखड्यात असतो: त्याने सगळेच सांगून टाकलेले असते.

अंधेरीला गेल्याशिवाय काही होत नाही, हा समज

स्टुडिओंची गर्दी अंधेरी-ओशिवरा भागात आहे, हे खरे. ठाण्याहून घाटकोपर गाठून मेट्रोने किंवा वाशीहून हार्बर मार्गाने वडाळ्यावरून तेथे पोहोचता येते. पण हातात ऐकवण्यासारखे काही नसताना केलेल्या या फेऱ्या माणसाला फक्त दमवतात. पहिला संगीतकार जवळपास शोधावा. महाविद्यालयांच्या एकांकिकांना शीर्षकगीत लागते, हौशी नाट्यसंस्थांना नांदी लागते, दिवाळी पहाटेच्या आयोजकांना अधूनमधून नवी रचना हवी असते. गडकरी रंगायतन, काशिनाथ घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह येथील प्रयोगानंतर मंडळींशी बोलण्याची तयारी असेल, तर ओळखी होतात. गीतकार जनकवी पी. सावळाराम ठाण्यात राहिले, येथील नगराध्यक्षही झाले. पत्ता आडवा येतो ही सबब निदान ठाणेकराला तरी शोभत नाही.

‘आधी काम होऊ दे, कागदाचे नंतर बघू’

ओळखीतल्या माणसाबरोबर काम करताना लेखी करार मागणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते आणि नेमके तेथेच नुकसान होते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार गाण्याचे शब्द हे वाङ्मयीन कृती आहेत. ते लिहिताच हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क रचनाकाराच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला देणे मात्र लेखी आणि स्वाक्षरीसहच वैध ठरते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 2012 च्या दुरुस्तीने आणखी महत्त्वाची गोष्ट दिली: गीतकार आणि संगीतकार यांना आपल्या रचनेच्या वापराचे मानधन (रॉयल्टी) हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने मिळण्याचा अधिकार आहे आणि तो सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते, तो वापर यात येत नाही. ‘सर्व रॉयल्टी कायमची सोडली’ असे कलम समोर आले, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. अशा कलमाला कायदा मानत नाही, हे सौम्य शब्दांत सांगताही येते.

हे मानधन गोळा करून सभासदांना वाटण्याचे काम 1969 मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) ही संस्था करते. गाणे प्रसिद्ध झाले की तिचे सभासदत्व घेणे आणि प्रत्येक गाण्याची त्यातील आपल्या वाट्यासह नोंद करणे, ही दोन्ही कामे वार्षिक ध्येयात लिहावीत. केवळ सभासद होऊन गाण्यांची नोंद न करणारे आपल्या वाट्याला मुकतात. दोघांनी मिळून लिहिले असेल तर कोणाचा किती वाटा, हे त्याच दिवशी ईमेलवर लिहून ठेवावे, म्हणजे तारखेचा पुरावाही राहतो.

नोकरी सोडण्याची घाई करू नये. गाणे प्रसिद्ध होणे आणि त्याचे पैसे हाती येणे यांत मोठे अंतर असते, आणि घरभाडे तेवढे थांबत नाही.

उत्तरच येत नसेल तर

पंधरा कवितांची फाइल पाठवून उत्तराची वाट पाहणे, हा नेहमीचा प्रकार. व्यस्त संगीतकार ती उघडत नाही. त्याऐवजी एकच गाणे, साध्या हार्मोनियमवर फोनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले, मुखड्यापासून सुरू होणारे, एका मिनिटाचे पाठवावे आणि सोबत दोन ओळींत आपण कोण ते सांगावे. तरीही काही महिने शांतता राहिली, तर शब्द बदलण्यापूर्वी पाठवण्याचा पत्ता बदलून पाहावा.

आणि गाणे प्रसिद्ध झाले, पण ऐकण्याच्या ॲपवर गीतकार म्हणून तुमचे नावच दिसत नसेल, तर समाजमाध्यमांवर तक्रार करण्याआधी ज्या लेबलने (संगीत कंपनीने) किंवा वितरकाने गाणे चढवले, त्यालाच लेखी कळवून श्रेयनोंद दुरुस्त करून घ्यावी. पुढच्या वेळी गाणे सुपूर्द करतानाच स्वतःचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत, आयपीआरएसच्या नोंदीत आहे अगदी तसेच, लिहून द्यावे.